गुरुवारचा वाघ

राव, आमच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते, यावरून माझा मेहुणा संदीप मला कायम छळतो. तो हिंजवडीत कामाला, शनिवार-रविवार मोकळा. "दाजी, गुरुवार काय फिरायचा वार आहे का?" असं चारचौघांत विचारतो.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गौरीला वाघ बघायचा होता. मी पोरीला म्हटलं, गुरुवारी नेतो. संदीप म्हणाला, "प्राणिसंग्रहालय सुट्टीच्या वारीही उघडं असतं, त्याला दाजींची वाट कशाला बघायची?" आणि रविवारी मी कामावर असताना हा तिला घेऊन गेला. पण रविवार म्हटल्यावर सगळं गाव तिथं लोटलेलं. संध्याकाळी पोरगी रडतच घरी आली. "पप्पा, मामानं खांद्यावर घेतलं, तरी नुसती डोकीच दिसली."

मग गुरुवारी बायकोनं डबा बांधला आणि आम्ही तिघं निघालो. वाघासमोर आमच्याशिवाय कुणी म्हणजे कुणी नाही! पठ्ठ्या आरामात उठला, जाळीजवळ येऊन बसला आणि गौरीकडे बघत मोठ्ठी जांभई दिली. मी तिथूनच संदीपला व्हिडिओ कॉल लावला. हा ऑफिसात, गळ्यात कार्ड अडकवून बसलेला. वाघ बघितला आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, पुढच्या गुरुवारी रजा टाकतो. आमच्या पोरांनाही न्याल का?"

मी म्हटलं, "बघू रे. तुम्ही रविवारवाले आलात, की गर्दी होते."