माह्या बाबाचा भाजलेला पाय

माहं माहेर मोर्शीकडलं, संत्र्याच्या बागा हायत न, तिकडलं. नाव गिरजा. बाप्तिस्मा घेतला तवा रूथ झालं, पन घरी सारे गिरजाच म्हनतात. माहा बाबा गावातला नावाजलेला मानूस. काहून, तर चैतात आमच्या मरीमायच्या जत्रेत लांब चर खांदतात, त्यात बाभयीची लाकडं जायतात, अन् त्या लाल इस्त्यावरून अनवानी चालतात. पयलं पाऊल टाकाचा मान आमच्या घराचा. आमच्यात म्हनतात, मन साफ असन तं इस्तो शिवत नाई, मनात मय असन तं पाय भाजलाच समजा.

आता थो मान खरा मोठ्याबाचा, म्हन्जे बाबाच्या मोठ्या भावाचा. पन एका चैतात मोठाबा धोतर नेसून येईस्तोवर आमचा बाबा तरातरा पुढं गेला अन् पयलं पाऊल टाकून मोकया. झालं! साऱ्या जत्रेत दोघं भाऊ कोंबड्यावानी भांडले, अन् समोरासमोर दारं असून बोलनं बंद. अन् काय सांगू तुमाले, त्याच वर्षी बाबाचा तयपाय भाजला. पन थो कोनाले सांगन काय? मले म्हने, गिरजे, काटा रुतला. पाय सुजला, पिकला, तवा यष्टीत घालून अमरावतीले मिशनच्या दवाखान्यात आनला. तिथं पट्ट्या बांधाले एक पोरगा होता, योहान. त्यानं पाय पाह्यला, मंग बाबाच्या तोंडाकडं पाह्यलं, म्हने, काय लागलं बाबा? बाबा म्हने, काटा. थो म्हने, बरं, मोठा काटा असन. अन् चुपचाप पट्टी बांधली. महिनाभर थो पट्ट्या बांधे अन् मी बाजूले उभी राहून पाहे. नुसत्या पट्ट्याच पाहे असं नाई, आता तुमच्यापासून काय लपवाचं!

बाबाले पोरगा पसंत पडला, पन त्याचा देव पसंत पडला नाई. म्हने, पोट्टी देतो, खुशीनं देतो, पन तुमचा देव नुसता पान्यानं धुते. पान्यानं धोतर धुतात, मानूस इस्त्यानं साफ होते. तुमच्या देवाजवय इस्तो हाय हे माह्या डोयानं पाहीन तवाच तुह्या घरचं पानी पिईन. लगन झालं, पन बाबाचा हट्ट काही गेला नाई. मले भेटाले ये, ओट्यावरच बसे, आपल्या तांब्यातलं पानी पिये अन् तसाच उपाशी वापस जाये. मी एकुलती एक लेक, अन् बाप माह्या दारातून उपाशी जाये. लय रडली मी त्यापायी.

शेवटी पादरीसाहेबाले सांगितलं. थे नगरकडले, पुस्तकावानी बोलत. हसले अन् म्हने, अहो गिरजाबाई, अग्नी आपल्या देवाजवळही आहे, पेंटेकॉस्टच्या रविवारी घेऊन या वडलांना. मी नवीनच, मले काय मालूम! त्या दिवशी पवित्र आत्मा अग्नी होऊन येशूच्या चेल्यायवर उतरला, एवढं ऐकलं होतं. मले वाटलं, देवयाच्या मागं चर खांदत असतीन. बाबाले निरोप धाडला, या, रविवारी इस्तो हाय.

बाबा आला बाप्पा! आंगाले हयद, कमरेले लिंबाचा पाला, पाय अनवानी. उन्हायाचे दिवस, जमीन अशी तापली होती का वेगया इस्त्याची गरजच नोती. देवयाभोवती चक्कर मारली अन् मले म्हने, चर कुठी खांदला वो? इस्तरी केलेल्या कपड्यातले लोक टकामका पाहून राहिले. योहाननं हसू दाबत त्याले नेऊन आपल्या बाजूले बाकावर बसवलं.

पादरीसाहेब सांगून राहिले, त्या दिवशी चेल्यांच्या डोक्यावर जाळ उतरला पण एक केस जळला नाही, कारण देवाचा अग्नी माणसाला जाळत नाही, माणसातला मळ जाळतो, हेवा जाळतो, मीपणा जाळतो. तेवढ्यात आमचा बाबा उठून उभा राहिला अन् म्हने, म्हाराज, अन् पाय भाजला तं?

मले वाटलं, धरनीनं पोटात घ्यावं. पादरीसाहेबाले कोनता पाय, काय पाय, काहीच मालूम नाई. थे म्हने, बाबा, भाजलं म्हणजे देवानं टाकलं असं नाही. भाजतंय म्हणजे काम चालू आहे.

बाबा खाली बसला. शेल्यानं डोये पुसले, अन् उपासना संपाच्या आधीच उठून यष्टी पकडाले चालू लागला. मी मागं धावली, त्यानं वयून पाह्यलं नाई. मले वाटलं, गेला, आता बाप ओट्यावरही येत नाई.

पन बाबा गेला कुठी, तं सिध्धा मोठ्याबाच्या दारात. म्हने, दादा, पयलं पाऊल तुहं होतं. मोठी आई, म्हन्जे मोठ्याबाची बायको, सांगे, दोघं बुढे लेकरावानी रडले अन् मंग एका ताटात जेवले.

पुढच्या चैतात मोठाबा पुढं अन् बाबा मांगं असे चालले. दुसऱ्या दिवशी दोघंही अमरावतीले हजर. बाबा ओटा ओलांडून सिध्धा घरात आला, खाटेवर बसला अन् दोन्ही तयपाय योहानच्या तोंडासमोर धरले. म्हने, पाह्य. योहाननं निरखून पाह्यलं अन् म्हने, बाबा, यंदा काटा नाई लागला.

बाबा त्याच्याकडं पाहतच राहिला. म्हने, तुले मालूम होतं? योहान म्हने, पयल्याच दिवशी. मंग बाबा असा हसला, असा हसला का खाट हालाले लागली. हसता हसता म्हने, गिरजे, पानी आन वो! अख्खा लोटा प्यायला. मी धावतच दुसरा भरून आनला, घाईत त्यातलं अर्धं पानी त्याच्या मांडीवरच सांडलं.

ह्या गोष्टीले आता दहाबारा वर्सं झाली. बाबा मरीमायचाच राहिला, आमी येशूचे, अन् जेवाले सारे एका पंगतीत. आता त्याचे गुडघे दुखतात, चरावर जात नाई, आमच्याच ओट्यावर बसून नातवायले इस्त्याच्या गोष्टी सांगते. अन् मी काही लय साफ झाली असं समजू नोका. माहं अन् माह्या जावंचं पटत नाई, थे आली का आंगाची आग होते. मंग मी सोताले म्हनते, गिरजे, भाजून राहिलं न, म्हन्जे काम चालू हाय. तुमचंही चालू राहो बाप्पा. घ्या, चहा थंडा होऊन राहिला.