मिस्टर कॅटलिंग यांचं अपील

नाही नाही, ते पाकीट आधी टेबलावर ठेवा आणि बसा बघू, मिस्टर कॅटलिंग — बसा हो राजा, अपील काय असं उभ्याउभ्या होतं? कॅरोल, यांचा चहा इकडेच आण गं, आणि टीकेक गरम करून दे — हो हो, पैसे घे, रोजच्यासारखेच. हं, तर काय म्हणत होता? माझ्या रोपांच्या नर्सरीच्या आवारात गाडी लावली म्हणून नोटिसा आल्यात. किती? अकरा? बघू. अगं बाई, खरंच अकरा! कॅमेरा बसवून जेमतेम दोन आठवडे झाले आणि तुमच्या अकरा — मला वाटतं सबंध लिंकनशरमध्ये पहिला नंबर तुमचाच. हसत नाहीये हो मी. आणि घाबरू नका, पहिली गोष्ट म्हणजे हा दंड नाहीच मुळी. पोलिसांचा नाही, कौन्सिलचा नाही. खाजगी कंपनीचा कागद आहे हा. कंपनी म्हणते दोन तास फुकट, त्यापुढे थांबलात तर शंभर पौंड — आणि लोक वरची लाल अक्षरं बघून हातपाय गाळतात आणि मुकाट भरून टाकतात. तुम्ही नाही भरले ना? शहाणे आहात. म्हणजे — भरता आले नाहीत. कळलं. बँकेचं सगळं फिलिपा बघते तिकडे लीड्सला बसून, मग मुलीच्या नकळत अकराशे पौंड काढणार कुठून, खरंच की.

हे फोटो छापलेत बघा, किती स्पष्ट आलाय नंबर. आत अकरा पन्नास, बाहेर दोन पंचावन्न. दुसऱ्या दिवशी आत अकरा अठ्ठेचाळीस, बाहेर तीनला पाच कमी. तुमच्यावरून घड्याळ लावून घ्यावं एखाद्यानं. गाडी इथं लावायची, चहा प्यायचा, फुलांची एक जुडी घ्यायची आणि रस्ता ओलांडून हॉथॉर्न्समध्ये बायकोकडे. तिकडे त्या वृद्धाश्रमाला जागा चारच गाड्यांची, त्या नर्सनाच पुरत नाहीत, मग येतात सगळे माझ्या आवारात. साडेबाराला जेवण असतं ना त्यांचं? आणि ऑड्री म्हणे तुमच्या हातानंच खाते, नर्सनं चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेते. — अहो जाल हो, आत्ता कुठे बारा वाजून पाच मिनिटं झालीत, सारखं घड्याळाकडे काय बघताय? अपील करायचंय की नाही?

मग नीट ऐका. असं बसून मी कोणाला समजावत नाही. अपील आधी कंपनीकडे करायचं, अठ्ठावीस दिवसांच्या आत. ते नाही म्हणणार, नाहीच म्हणतात ते. मग त्यांच्या वरचे असतात, त्यांच्याकडे जायचं, ते फुकट. आता मुद्दे काय मांडणार? सगळ्यात सोपा मुद्दा पाटीचा. दोन तासांची पाटी दिसलीच नाही म्हणायचं. तुम्हाला दिसली होती? नव्हती ना? कशी दिसणार, पाटीपुढे दोन आठवडे माझ्या हायड्रेंजियाच्या कुंड्यांच्या ट्रॉल्या उभ्या होत्या! — कोणी लावल्या म्हणजे? मीच लावल्या, तिथं ऊन चांगलं येतं. या एका मुद्द्यावर अकराच्या अकरा उडाल्या असत्या बघा. फक्त फोटो लागतो. काढलात फोटो? तुमचा तो बटणांचा फोन, त्यात कुठला फोटो येणार. आणि ट्रॉल्या आज सकाळीच हलवल्या मी. चुकलंच तुमचं, काल यायला हवं होतंत.

दुसरा मुद्दा पावत्यांचा. दुकानाचं गिऱ्हाईक असलात तर — अरे वा! आणल्यात? सगळ्या? तारखेनं लावून, टाचणी मारून! काय माणूस आहात हो तुम्ही. चहा एक, टीकेक एक, फुलं. चहा एक, टीकेक एक, फुलं. अकरा दिवस तेच. पण राजा, टीकेक खायला तीन तास लागतात का कोणाला? कंपनी विचारणार, उरलेला वेळ हे गृहस्थ होते कुठे? आणि तुम्हाला तर खोटं बोलता येत नाही. येतं? नाही येत, तोंडावर दिसतं.

हे काय आणखी? पत्र लिहूनच आणलंय? शाईच्या पेनानं! वाचू का? थांबा, चष्मा कुठाय माझा — हां. 'महोदय, मी, क्लिफर्ड कॅटलिंग, वय वर्षं चौऱ्याऐंशी, नम्रपणे कळवू इच्छितो, की सदर सर्व दिवशी मी स्वतः गाडी चालवत आलो व पत्नीस भेटण्यासाठी' — अहो, हे काय लिहून बसलात! मिस्टर कॅटलिंग, अख्ख्या इंग्लंडात लहान पोराला माहीत आहे, की अपिलात कोण चालवत होतं ते कधी, कधी म्हणजे कधी लिहायचं नसतं. 'गाडी उभी होती' म्हणायचं. 'चालकानं' म्हणायचं, तो कोण ते शोधू दे कंपनीला. 'मी' हा शब्दच नको! पण तुमच्या पिढीला 'मी' म्हटल्याशिवाय प्रामाणिकपणा वाटतच नाही, सहीसकट कबूल करून मोकळे. बरं, नोटीस कोणाच्या नावानं आहे? फिलिपा कॅटलिंग. पत्ता तेवढा तुमचा. गाडी मुलीच्या नावावर कधी झाली? मार्चमध्ये. का झाली? — हळू बोला, कॅरोलचे कान लांब आहेत. डोळ्यांमुळे. डॉक्टरांनी लायसन्स परत पाठवायला लावलं. म्हणजे लायसन्स नाही, विमा नाही, नजरेसमोरचं मधलं नीट दिसत नाही, आणि रोज अकरा मैल येता नि अकरा मैल जाता. आणि फिलिपाला काय सांगितलंय? शेजारचे सोडतात! बाई गं. आणि दुसरी किल्ली? बिस्किटांच्या डब्यात. छान. चहा घ्या, निवला तो.

नाही, ते पत्र मी देत नाही परत. राहू दे माझ्याकडे. टपालात पडलं असतं तर केवढा घोळ झाला असता, उपकार माना माझे. — अहो बसा, साडेबाराला अजून पाच मिनिटं आहेत. आणि एखादा दिवस उशीर झाला तर काय होतं? ठेवतात ताट झाकून.

काय? कोण म्हणालं? हॉथॉर्न्सची ती दारावरची पोरगी म्हणाली होय, की जागेच्या मालकानं एक फोन केला तर सगळ्या नोटिसा रद्द होतात. खरंय. अगदी खरंय, मी कशाला खोटं बोलू. जागा माझी, कंपनी माझ्या सांगण्यावरून आलीय. मी नंबर फिरवायचा, म्हणायचं, हे आमचं गिऱ्हाईक आहे, काढून टाका. दोन मिनिटांचं काम. गेल्या आठवड्यात त्या घोडेवाल्या बाईंच्या दोन काढल्या मी, त्यांनी चारशे पौंडांची रोपं नेली. — नका हो असे हात जोडू, कसंतरी दिसतं. लोक बघतायत.

तुम्हाला वाटत असेल, ही बाई एवढी का ताणतेय. मी काही ताणत नाहीये. कॅमेरा काय तुमच्या एकट्यासाठी बसवलाय का? सगळ्यांसाठीच असतो तो. कंपनीचा माणूस आला होता, म्हणाला, मिसेस रडकिन, तीन तास ठेवा, सगळे तीनच ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक नाराज होत नाही. मी म्हटलं दोन ठेव. तो म्हणाला, दोन? मी म्हटलं, दोन. — नाही, म्हणजे गाड्यांची उलाढाल व्हायला हवी, धंदा आहे माझा. तीन तासांत तर तुम्ही बसला असतात ना अगदी बरोबर. तीन तास पाच मिनिटं. पाच मिनिटं तुम्ही आवरली असतीत.

असं बघू नका माझ्याकडे. आई गेली तेव्हा पण तुम्ही असंच बघितलं होतंत चर्चमध्ये, मान वाकडी करून, मला कीव करणारी माणसं आवडत नाहीत. दोन वर्षं होती ती तिकडे, तुमच्या ऑड्रीच्या शेजारच्या खोलीत. या दारापासून त्या दारापर्यंत चाळीस पावलं असतील. मी किती वेळा गेले असेन? सांगा की. तुम्हाला माहितीय, तुम्ही रोज तिथंच होतात. सहा वेळा. मला काय कामं नव्हती? वसंतात इथं श्वास घ्यायला फुरसत नसते, सप्टेंबर लागला की नाताळचा माल, माझा नवरा तो तसला. आणि गेले तरी काय? मी द्राक्षं घेऊन समोर उभी, आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत विचारतेय, कॅटलिंग आले का गं? मला! पोटच्या पोरीला! तुम्ही तिला पेपर वाचून दाखवायचात, शब्दकोडं सोडवायचात, ऑड्रीच्या जुडीतली दोन फुलं काढून तिच्या उशाशी ठेवायचात. माझ्या दुकानातली फुलं, माझ्याच आईला, आणि नेऊन कोण देणार तर तुम्ही. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी सांगितलं होतं? आणि त्या दिवशी मी इथं गल्ला मोजत होते, तिथून मेट्रनचा फोन, वाईट वाटून घेऊ नका मिसेस रडकिन, शेवटी एकट्या नव्हत्या त्या, मिस्टर कॅटलिंगनी हात धरला होता. मी काय म्हणाले माहितीय? थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणतात अशा वेळी? पुढच्या सोमवारी कंपनीला फोन केला.

जाऊ दे. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. कुठल्या कुठे गेलं बोलणं.

पाऊण वाजला? हो, वाजला. आता ताट नेलं असेल त्यांनी उचलून. नका उठू, काही उपयोग नाही, गुडघे दुखतील उगाच. आणि एक सांगायचं राहिलं, फोन मी केलाय. नाही, कंपनीला नाही. सकाळी नऊला, दार उघडल्या उघडल्या. एप्रिलमध्ये फिलिपा आली होती ना, ऑड्रीला चाकाच्या खुर्चीत बसवून इथं केक खायला आणलं होतं तिनं, तेव्हा नंबर देऊन गेली होती मला — बाबांना कधी बरं नसलं तर कळवा म्हणून. गोड मुलगी. मी म्हटलं, फिलिपा, बाबा ठणठणीत आहेत, रोज स्वतः गाडी चालवत येतात. रडायलाच लागली ती. मग म्हणाली, आत्ता निघते, एकपर्यंत पोचते, मी येईपर्यंत त्यांना जाऊ देऊ नका, प्लीज. म्हणून बसवून ठेवलं हो तुम्हाला. मला काय हौस आहे?

अहो, बरोबरच आहे तिचं! उद्या एखाद्या पोराला उडवलं असतंत म्हणजे? मीच बरोबर आहे यात, कोणालाही विचारा, मेट्रनला विचारा, पाद्रीबाबांना विचारा, सगळे माझ्याच बाजूनं बोलतील. गाडी आज लीड्सला जाईल. नोटिसांचं म्हणाल तर आता करते मी फोन कंपनीला, अकराच्या अकरा काढून टाकते, एक पैसा भरू नका. बघा, जिंकलात अपील. बस आहे की, मंगळवारची — नाही, ती बंद झाली का? मग महिन्यातून एकदा फिलिपा आणेल रविवारी, तिला जमेल तसं. नोकरी आहे तिला, दोन मुलं आहेत.

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, पुटपुटू नका. ऑड्रीला कोण सांगणार? मी? मी नाही जात तिकडे. आणि सांगायचंय काय त्यात? बघेल चार दिवस दाराकडे. खाणार नाही. मग खाईल, भूक लागली की कोणाच्याही हातचं खातात. माझी आई पहिलं वर्षभर माझीच वाट बघायची, माहितीय तुम्हाला? माझी. नर्स फोन करायच्या, गेनॉर, एकदा येऊन जा, तुमची वाट बघत बसतात. मी म्हणायचे, येते, येते. मग नाही बघितली तिनं. सवय होते हो.

ती बघा, आली वाटतं. ती निळी. किल्ली काढून ठेवा इथं, खिशात शोधत बसू नका तिच्यासमोर. डोळे पुसा. उठा आता, मला हे टेबल लागणार आहे. कॅरोल, इकडचे कप उचल.