बेडकांच्या दगडापुढची रांग

प्रयोगांत मेलेल्या जनावरांच्या दगडाला शेवंती वाहायला कुरुमेच्या वैद्यकीय कॉलेजात रांग लागली होती. बेडकांच्या टाक्या सांभाळणाऱ्या तानिमिझुबाईंच्या पुढेच संशोधक एतो आणि त्याची विद्यार्थिनी कुसाबा कुजबुजत होते.

"दादा, बेडकाच्या सिंपथेटिक चेतागाठीवर पेप्टाइडचं औषध सोडलं की तिथली पेशी कितीतरी मिनिटं खवळलेली राहते ना? एरवी अडणारे संदेशही पार होतात?"

"हो. उद्या फुकुओकातल्या परिषदेत सर तेच तर सांगणार आहेत."

"काल मी नुसतं मिठाचं पाणी सोडलं. तरी ती तशीच खवळली."

"हळू बोल! सर पुढेच आहेत. औषध सोडायची नळी बदलली होतीस?"

"नाही. नुसती धुतली."

"झालं! पेप्टाइड नळीला चिकटून बसतं. आणि आधी पेप्टाइड दिलेल्या बारा बेडकांना?"

"तीच नळी."

"म्हणजे काल ती नळीत उरलेल्या पेप्टाइडने खवळली की नुसत्या पाण्याच्या धक्क्याने, काहीच सांगता यायचं नाही. बघ, आता माझ्याच सिंपथेटिक पेशी खवळल्या."

"सरांना सांगू?"

"मला काय विचारतेस? फूल वाहा आधी. नंबर आला आपला."

कुसाबा फूल ठेवून बराच वेळ वाकून राहिली.

"एवढं काय बोलत होतीस त्या बाराजणांशी?" एतोने विचारलं.

"त्यांच्याशी नाही. टाकीतल्यांची माफी मागत होते." ती मागे तानिमिझुबाईंकडे वळली. "मावशी, मी सरांना सांगून येते. मला आणखी बारा बेडूक काढून द्याल?"

तानिमिझुबाईंनी हातातली शेवंती छातीशी धरली.

"आज नको गं मागूस. आज त्यांचा दिवस आहे."