उसवता येते का?

शाळेतल्या बाई ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करून, नंबर यायची वाट पाहत दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. मागच्या बाकावर दोघी जावा होत्या. थोरली शिवणकाम करणारी. धाकटी तिला माहितीपत्रक वाचून दाखवत होती.

“अंग, म्हणजे गर्भपिशवी, खाली उतरलं असेल, तर आतून जाळी बसवून आधार देतात.”

“कॉलरला बकरम लावतात तसा?”

“तसंच समजा, जाऊबाई. पण ही कायमची.”

“आणि टोचायला लागली तर?”

“परत ऑपरेशन. तरी सगळी निघेलच असं नाही. मांस तिच्यात वाढून बसतं.”

“बसणारच. चिकटलेलं बकरम ओढलं की कापडच फाटतं. जन्म गेला माझा त्यात. दुसरं काय लिहिलंय?”

“व्यायाम. नाहीतर रबरी रिंग, ती काढता येते. किंवा जाळीशिवाय नुसते टाके. ते पुन्हा सैल होऊ शकतात म्हणे.”

“मग आधी कच्चा टाका घालून बघू. रिंगच विचार.”

“डॉक्टर तर म्हणाले, जाळीने लवकर मोकळ्या व्हाल.”

“गिऱ्हाईकही कापड टाकतानाच ‘उद्या द्या’ म्हणतं. म्हणून मी मापाआधी कात्री लावते होय?”

तेवढ्यात नर्स दारात आली.

“बाई, तुमचा नंबर. सही केलेला कागद द्या.”

बाईंनी कागदाची घडी घातली आणि तो पर्समध्ये टाकला.

“देते. आधी डॉक्टरांना एक विचारायचंय. ही जाळी उसवता येते का?”