डाव्या चाकाच्या दोन नटांबाबत

नाव शशिकांत वामन टिपणीस, वय ५१ वर्षे, व्यवसाय मरीन इंजिनिअर, तुआस येथील शिपयार्डमध्ये नोकरी, राहणार बुकित पंजांग, सिंगापूर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी उल्का व मुलगी ईशा, वय १३, असे राहतो. मला इंग्रजी येते; पण हे मराठीतच सांगायचे असल्याने मी दुभाषी मागून घेतला आहे.

गाडी माझ्या नावावर आहे, चालवते उल्का. पाच महिने गाडी डावीकडे ओढत होती. दर रविवारी सकाळी मी कारपार्कमध्ये चाकांना आडवी दोरी लावून पुढची दोन्ही चाके समांतर आहेत की नाहीत ते मोजत असे व नट फिरवत असे. जहाजाचा शाफ्ट मी केसाचाही फरक न ठेवता सरळ लावतो. गाडी मात्र ओढायची थांबेना. गॅरेजला दाखवू या, असे उल्का अनेकदा म्हणाली. मी ऐकले नाही.

गेल्या शनिवारी मी ड्यूटीवर असताना माझा सहकारी निशिकांत दाभाडे, राहणार बिशान, पुण्याहून आणलेला गोडा मसाला द्यायला घरी आला. उल्काने त्याला गाडी दाखवली. त्याने दोरीला एक नट बांधून तिचा ओळंबा केला आणि चाकाशेजारी धरला. चाके समांतरच होती. डावे चाक वरच्या बाजूने बाहेर कलले होते, आणि चाक कलते तिकडे गाडी जाते. त्याने शॉकअब्सॉर्बरच्या बुडाचे दोन नट सैल करून चाक उभे केले व नट आवळले. दोरी मीही धरत होतो, पण आडवी. त्याने उभी धरली, एवढाच फरक.

संध्याकाळी उल्का मला स्टेशनवर घ्यायला आली. रिकाम्या रस्त्यावर तिने क्षणभर स्टिअरिंगवरचे हात उचलून दाखवले. ईशा मागून ओरडली, "बाबा, सो स्ट्रेट लाह!" उल्का म्हणाली, "निशिकांतने चाळीस मिनिटांत केलं. तू पाच महिने काय करत होतास रे?" एरवी ती त्याला भाऊजी म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही, याची नोंद घ्यावी. मी रात्री जेवलो नाही.

रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे खाली गेलो. दोन्ही नटांवर पिवळ्या रंगाची रेघ होती. आवळलेल्या प्रत्येक नटावर निशिकांत अशी रेघ ओढतो. नट फिरला की रेघ तुटते आणि कळते. शिपयार्डमध्ये या सवयीचे सगळे कौतुक करतात. माझ्या गाडीवर त्याची रेघ बघून माझा नुसता जळफळाट झाला. त्यानंतर कोणी अज्ञात इसमाने ते नट सैल करून चाक पुन्हा बाहेर कलवले.

सोमवारी उल्का ईशाला शाळेत सोडायला निघाली. स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवायची तिची सवय दोन दिवसांत सुटली होती. शाळेच्या वळणावर गाडी डावीकडच्या फुटपाथवर चढली. ईशाच्या कपाळाला मोठे टेंगूळ आले. नट कोणीतरी मुद्दाम फिरवले आहेत, असे गॅरेजमध्ये सांगितल्यावरून उल्काने तक्रार दिली.

मला कारपार्कच्या कॅमेऱ्यातील चित्रण दाखवण्यात आले. शनिवारी गाडीपाशी वाकलेला इसम निशिकांतच आहे, हे मी ओळखले. रविवारी मी दिसतो. मालक दर रविवारी तिथेच असतो, त्यामुळे त्याबद्दल मला कोणी विचारले नाही. उद्या निशिकांतला चौकशीस बोलावणार, असे सांगण्यात आले. त्याचा पीआरचा, म्हणजे इथल्या कायम वास्तव्याचा, अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे. मी पाणी मागितले, ते मिळाले.

उल्का व निशिकांत यांच्यात गैर काही नाही. असते तर मला हे सांगणे सोपे गेले असते.

दुभाष्याने हा जबाब मला पहिल्यापासून मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. फक्त एक दुरुस्ती करावी. जिथे 'कोणी अज्ञात इसमाने' असे आले आहे, ते खोडून 'मी' असे लिहावे. खोडलेल्या जागी मी सही करतो. उल्का बाहेर बाकावर बसली आहे. तिला आत बोलावू नये, मीच बाहेर जाऊन सांगतो. बाकी सर्व बरोबर आहे.