आधी मला बुडव

धाकटा : ते काही नाही ताई. आधी मला बुडव, मग तिला.

पाळकबाई : आधी तो पाइप टाकीत बुडव. माझी चप्पल भिजली.

धाकटा : मी गंमत करत नाहीये.

पाळकबाई : मीही नाही. नवी आहे चप्पल. हे बघ, थोड्या वेळात चर्चची मंडळी उपासनेला येऊन बसेल. आज बाप्तिस्मा तुझ्या लेकीचा आहे. तुझा कधीच झालाय, जुने पाळक होते तेव्हा. मी पहिल्या बाकावर बसून बघितलाय. नाकात पाणी गेलं होतं तुझ्या, खोकत खोकत वर आलास.

धाकटा : तो झाला, पण त्याचा आता उपयोग काय? तारण गेलं माझं.

पाळकबाई : कुठे गेलं?

धाकटा : तुला ठाऊक आहे कुठे गेलं. सोमवारी संध्याकाळी, त्या बारमध्ये. इतकी वर्षं थेंबाला शिवलो नव्हतो. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. काही झालंच नाही, हेच तर आहे. भांडण नाही, दुखणं नाही. कामावरून सुटलो, चालत निघालो आणि पाय आपोआप आत वळले.

पाळकबाई : मग?

धाकटा : मग काय मग? प्यायलो. आणि आज मी त्या टाकीत उतरून, पांढरा झगा घालून, पोरीच्या पाठीला हात लावून उभा राहू? मंडळीसमोर? ढोंगच ते.

पाळकबाई : आपल्याकडे रीतच आहे तशी. आईबाप विश्वासात असतील तर एका बाजूने पाळक धरतो, दुसऱ्या बाजूने ते. वहिनी असती तर तिनं धरलं असतं. ती नाही, म्हणून तू.

धाकटा : तेच म्हणतोय. विश्वासात असतील तर! माझा बाप्तिस्मा पुन्हा कर. पाच मिनिटांचं काम. दार लोटून घेऊ, कोणाला कळणारही नाही.

पाळकबाई : एकदा बुडवलेल्याला पुन्हा बुडवायचं म्हणजे पहिल्या वेळी देवाला नीट जमलं नव्हतं, असं म्हणण्यासारखं आहे. मी नाही म्हणणार. तू म्हणतोस?

धाकटा : शब्दांत पकडू नकोस ताई. लहानपणापासून हेच करतेस.

पाळकबाई : बरं, मला एक सांग. तारण गेलं, तारण गेलं म्हणतोस, म्हणजे नेमकं काय गेलं?

धाकटा : आता तू पाळक, मी तुला काय सांगायचं? तारण म्हणजे तारण. इतकी वर्षं त्या पेढीच्या दारात पहारा करतोय, मला कळत नाही होय? माणूस येतो, गळ्यातलं काढतो, तारण ठेवतो. नेमानं भरत राहिला तर वस्तू कपाटात शाबूत. चुकला की नोटीस. पुन्हा चुकला की लिलाव. मग दारात येऊन कितीही रडला तरी मलाच त्याला सांगावं लागतं, काका, घरी जा.

पाळकबाई : थांब, थांब. तू... तुला तारण म्हणजे ते तारण वाटत होतं? गहाणातलं?

धाकटा : मग दुसरं कोणतं?

पाळकबाई : अरे देवा!

धाकटा : हसतेस काय? जुन्या पाळकांनी विचारलं होतं, तुझं तारण झालंय का? मी म्हटलं, झालंय. म्हणजे जीव ठेवला देवाच्या कपाटात. म्हणून तर एक रविवार चुकवला नाही. तापात आलो, पाय मोडला तेव्हा कुबड्या घेऊन आलो.

पाळकबाई : आणि मी मंडळीला तुझं उदाहरण देत होते! बघा म्हणे, माझ्या भावाला उपासनेची केवढी ओढ!

धाकटा : ओढ कसली? हप्ता होता तो.

पाळकबाई : हसू की रडू कळत नाहीये मला. माझा सख्खा भाऊ इतकी वर्षं लिलावाच्या धाकात उपासनेला बसतोय आणि मी समोर उभी राहून गीतं गातेय. माझंच चुकलं. तोंडातून दर रविवारी तो शब्द निघतो, पण ऐकणाऱ्याच्या कानात काय पडतं ते कधी विचारलंच नाही. अरे वेड्या, हे तारण तारण्यातलं! बुडणाऱ्याला तारतात ना, ते!

धाकटा : शब्द तर एकच आहे.

पाळकबाई : शब्द एकच, पण वाट उलटी. बरं, तुला पेढीचीच भाषा कळते ना, मग तीच घे. विसार म्हणजे काय?

धाकटा : व्यवहार पक्का करताना आधी हातावर ठेवतात तो.

पाळकबाई : ही जागा मंडळीनं घेतली तेव्हा विसार कोणी दिला?

धाकटा : आपण. घेणाराच देतो.

पाळकबाई : आणि आपण मागे फिरलो असतो तर?

धाकटा : विसार बुडाला असता. आपलाच.

पाळकबाई : ह्या भिंतींचं काय गेलं असतं?

धाकटा : भिंतींचं काय जाणार?

पाळकबाई : तर शास्त्रात स्पष्ट म्हटलंय, देवानं आपला आत्मा आपल्याला विसार म्हणून दिलाय. त्यानं दिलाय, तू नाही. घेणारा तो आहे. व्यवहार मोडला तर बुडणार त्याचं. आणि तू आहेस भिंत.

धाकटा : भिंत?

पाळकबाई : लहानपणापासून. कितीही सांगा, आत काही शिरत नाही.

धाकटा : पण ताई, भिंतीला पाय नसतात. मला आहेत. तीच तर भीती आहे. त्यानं हात सोडला नाही समज, मीच चालत निघून गेलो तर? सोमवारी गेलोच की! आणि शास्त्रात वेलाला धरून न राहणाऱ्या फांद्या आगीत टाकतात तेही आहे. तूच वाचलंस मागच्या महिन्यात. मी घरी जाऊन जेवलो नाही.

पाळकबाई : आहे. ते मी गाळत नाही आणि गाळणारही नाही. वाचताना माझाही आवाज कापतो. चांगली चांगली माणसं ह्यावर वाद घालून थकली, मी काय शेवटचं सांगणार! पण मला एवढं सांग, सोमवारी तुझे पाय तुला आत घेऊन गेले. बाहेर पडल्यावर कुठे घेऊन आले?

धाकटा : तुझ्या दाराशी.

पाळकबाई : बारपासून तुझं घर जवळ, माझं लांब. तोल जात होता, पावलं धड पडत नव्हती. तरी आलास, आणि पायरीवर बसून पहिलं वाक्य काय बोललास?

धाकटा : ...प्रार्थना कर, म्हटलं.

पाळकबाई : निघून गेलेली माणसं मी बघितलीत रे. त्यांना कशाचं काही वाटत नाही. तू सोमवारपासून रडतोयस. ज्याला इतकं दुखतंय तो मेलेला कसा असेल?

धाकटा : मग काय, पडलं तरी चालतं असंच म्हणायचं? पुढच्या सोमवारीही जावं?

पाळकबाई : घरातून कोणी हाकलत नाही म्हणून तू घराला आग लावतोस का? चालत नाही. उद्यापासून संध्याकाळी कामावरून सुटलास की मी पेढीच्या दारात उभी असेन. बरोबर चालत येऊ. पण ते पडण्याचं झालं. घर सुटलं का, हे वेगळं.

धाकटा : ते सगळं खरं धरलं, तरी पोरीला कळलं तर? आजच्या दिवशी? मला तिच्या तोंडाकडे बघवत नाहीये. तू एकटीनं धर तिला. मी मागे बसतो.

लेक : कशाला मागे बसायचं?

धाकटा : तू कधी आलीस?

लेक : आत्ताच. आत्या, टाकी भरली का? बापरे, किती गार आहे! बाबा, झगा घातला नाहीत अजून?

धाकटा : मी... बाळा, मी नाही उतरत आज. मला बरं नाही.

लेक : सोमवारसारखं?

धाकटा : सोमवारी काय?

लेक : बाबा, आत्या तुम्हाला धरून घेऊन आली तेव्हा दार मीच उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, पित्त झालंय. आत्या म्हणाली, चक्कर आली. पाळक असून!

पाळकबाई : चक्कर आलीच होती त्याला. कशानं आली, ते मी सांगितलं नाही.

लेक : वास येत होता गं.

धाकटा : तुला सगळं ठाऊक होतं? सोमवारपासून? आणि बोलली नाहीस?

लेक : आधी खूप राग आला. उशीत तोंड खुपसून रडले. सकाळी तुमच्याशी बोलायचंच नाही असं ठरवून उठले, तर तुम्ही स्वयंपाकघरात. माझा डबा भरत होतात. झाकण काही लागेना. मग तसेच टेबलाशी बसलात आणि डोळे मिटले. मी दाराआड होते. तुम्ही म्हणालात, प्रभू, मी आहे, तोच कालचा. आणि आमेन म्हणताना तुमचा आवाज फुटला.

धाकटा : ऐकायला नको होतंस ते.

लेक : आत्या, मी तुला फोन कधी केला?

पाळकबाई : मंगळवारी सकाळी. शाळेच्या फाटकातून.

धाकटा : कसला फोन?

पाळकबाई : बाप्तिस्म्याचा. वर्ग कधीच संपले होते तिचे. मी विचारलं की म्हणायची, पुढच्या वेळी. नुसतं भिजत घोंगडं! आणि मंगळवारी फोन, आत्या, ह्याच रविवारी.

धाकटा : मंगळवारी? मला वाटलं, आधीच ठरलेलं तू मला उशिरा सांगितलंस. मंगळवारी का गं?

लेक : कारण मला भीती वाटायची, बाबा. एकदा पाण्यात उतरलं की नंतर चुकायचंच नाही, असं वाटायचं. आणि मी तर रोज चुकते. चिडते, खोटं बोलते. म्हटलं, आपल्याला नाही झेपणार, चार दिवसांत सगळं घालवून बसू. मग मंगळवारी तुम्हाला बघितलं. एवढं होऊनसुद्धा त्याच्याशीच बोलत होतात, जणू काही तो तिथेच टेबलाशी बसून होता. कुठे गेलाच नव्हता. तेव्हा मला वाटलं, असं असेल तर मलाही जमेल.

धाकटा : माझ्या पडण्यामुळे?

लेक : पडण्यामुळे नाही हो! तुम्ही जाऊच शकला नाहीत ना कुठे, त्यामुळे.

पाळकबाई : काय रे? आता काय म्हणतोस?

धाकटा : मी इथे लिलावाची वाट बघत बसलोय ताई, आणि त्यानं तर... मंगळवारीच... माझ्याच स्वयंपाकघरातून माझी पोर उचलली!

पाळकबाई : आता रडायचं असेल तर टाकीत रड. पाणी कमीच आहे.

धाकटा : झगा कुठे आहे?

पाळकबाई : तिथे खुंटीवर. तुझ्या मापाचा. सकाळीच इस्त्री केलाय.

धाकटा : म्हणजे मी उतरणार हे तुला ठाऊक होतं?

पाळकबाई : ठाऊक कुठलं? विश्वास होता.

(उपासना सुरू झालेली. सभागृह भरलेलं. तिघं टाकीत, कमरेइतक्या पाण्यात.)

पाळकबाई : मंडळीसमोर विचारते. तुझा तारणारा कोण?

लेक : प्रभू येशू.

पाळकबाई : आणि उद्या तुझा पाय घसरला तर?

लेक : तरी तोच.

धाकटा : ताई, हा प्रश्न विधीत नाही.

पाळकबाई : आजपासून आहे. पाठीला हात लाव तिच्या. नाक धर गं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं...

धाकटा : आली! वर आली! हालेलुया! बघा, माझी पोर! हालेलुया!

पाळकबाई : अरे, कानाशी ओरडतोयस माझ्या. असू दे, ओरड! मंडळी, बसलात काय? उठा, गा! छप्पर उडालं तर पुन्हा घालू, गा मोठ्यानं!

लेक : बाबा.

धाकटा : बोल बाळा.

लेक : झालं ना आता. सोडा मला, मी उभी आहे.

धाकटा : असू दे. पायऱ्या ओल्या आहेत.