पुढच्या गेटवरचा पिक्चर

प्रेमाचा सीन बघताना घाम फुटलेला माणूस पाहिलाय कधी? तो मी. परदेशीपुऱ्यातली मिल बंद पडली होती आणि मालक मशिनं विकायला टपला होता. मशिनं आत आहेत तोवर मिल पुन्हा चालेल, या आशेवर आम्ही कामगार दोन्ही गेटांवर पहारा द्यायचो. एका दुपारी पुढच्या गेटवर कन्नड पिक्चरवाले शूटिंगला आले. हीरो हिरॉइनला मोटरसायकलवर घेऊन देशभर हिंडतो, अशी प्रेमकथा. भाषा कोणालाच कळेना, तरी शिट्ट्या चालूच होत्या.

मी त्यांच्या मॅनेजरला विचारलं, "परमिशन किसने दी?"

"मालिक ने. भले आदमी हैं, खुद बुलाया, किराया भी नहीं लिया."

पगार बुडवणारा माणूस गेट फुकट देतो? मी पहाऱ्यावरच्या वामनरावांना गदागदा हलवलं. "मागच्या गेटवर कोण आहे?"

"अरे भिया, रामदीन आहे ना!"

"मग ही शिट्टी कोण मारतंय?"

वामनरावांनी वळून पाहिलं. रामदीनच होता.

तेवढ्यात डायरेक्टर ओरडला, "सायलेन्स!" सगळे गप्प झाले, आणि मिलच्या मागून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.